‘अ’ची जागा

मुलीचं दुसरं लग्न झालं त्याच वर्षी माझं पहिलं पुस्तक निघालं. नोंदणी कचेरीत सह्या करून आम्ही बाहेर आलो तेव्हा नवे जावई म्हणाले, बाबा, एका वर्षात दोन अपत्यं उजवलीत, आता सुटलात. मी हसलो. सुटलो असं मलाही वाटलं होतं. मुलगी तिच्या घरी नीट नांदायला लागली, पण पुस्तक काही नांदेना. दर आठ-पंधरा दिवसांनी त्याच्यामागे जावं लागे, कधी दुकानात, कधी वाचनालयात, कधी एखाद्या कॉलेजच्या अर्ध्या भरलेल्या सभागृहात. परत येताना दर वेळी वाटे, ज्या कामासाठी याला घराबाहेर काढलं ते सोडून हे भलतीकडेच हिंडतंय. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो. अडतीस वर्षं छापखान्यात मशीन चालवलं आणि त्यातला एकही दिवस मला वाचता येत नव्हतं. हे वाक्य आता मी न अडखळता लिहितो, कारण पुस्तकाच्या पाठीवर माझ्या फोटोखाली तेच छापलंय, ठळक टाइपात. नोकरीत असताना हेच वाक्य मी जिवापाड लपवलं होतं.

बिघडलं ते पहिल्याच सहीला. दुकानदाराने मधोमध टेबल मांडलं होतं, त्यावर पुस्तकांची चळत, पाण्याची बाटली आणि टोपण काढून ठेवलेलं पेन. पहिला आला तो हेल्मेट काखेत धरलेला एक गृहस्थ. त्याने पुस्तक उघडून पुढे केलं. त्याच्या मागे पाच-सहा माणसं, त्यांच्या मागे मुलगी आणि जावई, आणि बाजूला प्रकाशकाने नेमलेली प्रसिद्धीवाली, फोन उंच धरून. मी पेन टेकवलं आणि नाव लिहिलं. चार अक्षरांचं नाव, रोज सकाळी वहीत लिहितो. लिहून झालेलं पान त्या गृहस्थाने स्वतःकडे वळवलं. त्याने पुस्तक तिरकं केलं, मग लांब धरलं. मी वाकून पाहिलं तर नाव उजवीकडून डावीकडे गेलं होतं. प्रत्येक अक्षर उलटं, काने सगळे डाव्या अंगाला. दोन वर्षांत असं झालं नव्हतं. माणसं बघत आहेत म्हटल्यावर हात आपल्या जुन्या वाटेने गेला, विकलेली म्हैस जुन्या गोठ्याकडे वळते तसा. मी ते पान फाडायला निघालो तर प्रसिद्धीवालीने माझं मनगट धरलं. तिने फोनचा पुढचा कॅमेरा त्या पानासमोर धरला, त्यात नाव सुलट दिसलं, आणि आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसं ती हळूच म्हणाली, “काका, हे सोनं आहे.”

सोनं कसलं, शिसं होतं ते. छापखान्यातले खिळे शिशाचे असत आणि त्यांच्यावरचं अक्षर उलटं कोरलेलं असे, कागदावर सुलट उमटावं म्हणून. खिळे जुळवून ओळी करणारा तो जुळारी. जुळवलेल्या ओळी लोखंडी चौकटीत पाचरी ठोकून घट्ट बसवल्या की त्याचा फर्मा होई, आणि तो फर्मा मशीनवर चढवून शाई देणं आणि कागद सरकवणं हे माझं काम. जुळारी उलट्या ओळी भराभर वाचत. मी त्या नुसत्या बघत असे. कुठे खिळा वर आला, कुठे कडा झिजली, कुठे शाई साचली हे मला लांबूनही दिसे, जसं पोरांच्या अंगावरचं पुरळ आईला दिसतं. छापून निघालेला कागद मी फक्त शाईसाठी पाहायचो. कागदावरचं अक्षर गिऱ्हाइकाचं, माझं ते फर्म्यावरचं. मुलगी पहिलं लग्न मोडून घरी आली तेव्हा मला वाचता येत नाही हे तिला समजलं. तोवर तिला माहीत नव्हतं. आचाऱ्याला जेवायला मिळतं का असं कुणी विचारत नाही, तसं छापखान्यातल्या माणसाला वाचता येतं का हेही कुणी विचारत नाही. तिची आई जाणत होती, पण तीही गेली होती. मग तिला कुणाशी बोलायचं नव्हतं आणि मला दिवसभर काही करायचं नव्हतं म्हणून आम्ही वही घेऊन बसू लागलो. तिने ‘क’ काढून दाखवला आणि म्हणाली, काढा. मी काढला. तो उलटा होता. दुसरा काढला, तोही उलटा. ती न्हाणीघरातला आरसा काढून घेऊन आली, तो वहीशेजारी उभा केला आणि इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. घरी परत आल्यापासून ती तेव्हा पहिल्यांदा हसली होती. हात वळवायला मला सात महिने लागले.

वाचायला येऊ लागलं की माणूस पोथी वाचतो, वर्तमानपत्र वाचतो. मला लिहायचं होतं. मला एकच गोष्ट लिहायची होती आणि ती दीड पानात मावली असती. पण दीड पान नुसतं कसं लिहिणार, त्याच्या आधी छापखाना सांगावा लागतो, छापखान्याआधी मी तिथे कसा लागलो ते, असं करत करत दोनशे अकरा पानं झाली. ती गोष्ट त्र्याऐंशीव्या पानावर आहे. पुस्तक हातात घेणाऱ्या प्रत्येकाला सांगावंसं वाटे, बाकीचं राहू द्या, त्र्याऐंशीवं पान काढा. पण लेखकाने असं सांगायचं नसतं म्हणे. प्रकाशकाने मला तेवढं एक बजावून ठेवलं होतं.

एका नर्सिंग शाळेच्या प्रवेशाची यादी होती. आडव्या ओळी, प्रत्येक ओळीत मुलीचं नाव आणि शेवटी ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’. आमच्याकडे जुळारी म्हणजे एकच गृहस्थ, माझ्याहून वयाने मोठे, टापटिपीचे. ‘पात्र’खाली ‘पात्र’ नीट यावं म्हणून जिथे ‘अ’ नसे तिथे ते बरोबर ‘अ’च्या मापाचा कोरा खिळा घालत, न उमटणारा. असं दुसरा कुणी करत नसे. फर्मा चढवून दोन-चार कागद झाले नसतील तोच शाईच्या रुळाने दोन ओळी ओढल्या. मी मशीन थांबवलं, फर्मा जुळवणीच्या दगडी मेजावर घेतला, पाचरी सैल केल्या. दोन ओळींत एकेक भोक पडलं होतं, आणि रुळाला चिकटून आलेले दोन खिळे माझ्या तळव्यावर होते, एक ‘अ’ आणि एक कोरा. कुठला कुठे, ते मला कळेना. जुळारी जेवायला गेले होते. त्यांनी तपासून ठेवलेलं प्रूफ त्यांच्या टेबलावर वजनाखाली होतं, माझ्यापासून दहा पावलांवर. ताडून पाहायला वाचता यावं लागत नाही, नुसता आकार बघितला तरी पुरे. छापून पडलेल्या त्या दोन-चार कागदांवरही ते होतंच. पण मालक काचेच्या खोलीतून माझ्याकडे बघत होता. वाचणारा माणूस अशा वेळी नुसती नजर टाकतो आणि खिळा बसवतो. मी कागद उचलून फर्म्याशी बोट लावून ताडत बसलो असतो तर त्याला कळलं असतं. मी दोन्ही खिळे बसवले, पाचरी ठोकल्या आणि मशीन सुरू केलं. पन्नास टक्के बरोबर येण्याची शक्यता होती. मी आजही असंच म्हणतो, पन्नास टक्के, जणू नाणं उडवलं होतं.

यादी भिंतीवर लागली. एक मुलगी सामान घेऊन आली, तिला दारातून परत पाठवलं. दुसरी, जिला यायचं होतं, ती आलीच नाही, चार दिवसांनी तिला शोधून आणावं लागलं. शाळेने छापखान्याचं काम काढून घेतलं. मालकाने जुळाऱ्यांना बोलावलं आणि प्रूफ मागितलं. प्रूफावर सगळं बरोबर होतं. ते दाखवलं असतं तर चूक मशीनवर झाली हे उघड झालं असतं, मग मशीनवाल्याने न बघता खिळे कसे बसवले हा प्रश्न आला असता, आणि त्याचं एकच उत्तर होतं. ते उत्तर त्या छापखान्यात फक्त जुळाऱ्यांना माहीत होतं. मला पत्र आलं की वाचून दाखवायचे ते, पगाराच्या कागदावर कुठे सही करायची ते बोटाने दाखवायचे ते. मी दारात शाईचा डबा घेऊन उभा होतो. जुळारी म्हणाले, प्रूफ सापडत नाही, माझीच नजर चुकली. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेल्या प्रूफाचा कोपरा मला दिसत होता. त्यांना त्याच दिवशी काढलं. जाताना त्यांनी आपली जुळवणीची पट्टी फडक्यात गुंडाळली, माझ्याजवळून गेले आणि एवढंच म्हणाले की रूळ नीट धू, शाई वाळलीय. मग चौदा वर्षं मी त्याच मशीनवर होतो. ते रबरी शिक्क्यांच्या एका दुकानात लागल्याचं कळलं, तिथेही अक्षरं उलटीच. ते दुकान माझ्या घरापासून बसने अर्ध्या तासावर होतं. मी एकदाही गेलो नाही. एकदा पलीकडच्या फुटपाथवर ते दिसले, तेव्हा मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. त्या बुटांना नाडी नव्हती.

तर अशा त्र्याऐंशीव्या पानासाठी पुस्तक. मी त्याला ‘पात्र-अपात्र’ नाव दिलं होतं. प्रकाशक पेपरमिंटची गोळी गालात फिरवत म्हणाले, हे तर परीक्षेचं पुस्तक वाटतं. त्यांनी ‘उलट्या खिळ्यांचा माणूस’ केलं. मी गप्प बसलो, कारण छापून यायला हवं होतं. पण त्या पहिल्या सहीनंतर नाव खरं करून दाखवणं हाच माझा धंदा झाला. प्रसिद्धीवालीने ते चित्रण कुठेकुठे टाकलं, ते हजारो लोकांनी बघितलं, आणि पुढच्या दुकानात रांग लागली. प्रत्येकाला आपलं नाव उलटं लिहून हवं होतं. लिहिलं की लगेच ते फोनमध्ये धरत, सुलट दिसलं की हसत, फोटो काढत आणि जात. मुलांची नावं, कुत्र्याचं नाव, एकाने तर आपल्या साहेबाचं नाव लिहून घेतलं आणि म्हणाला, साहेब तसा उलटाच आहे. मी लिहीत होतो. मुद्दाम उलटं लिहायला लागलो तेव्हा ते जमेना, सुलट यायला लागलं. जे सात महिने घासून घालवलं ते परत आणायला मला घरी बसून सराव करावा लागला. मुलगी म्हणाली, आरसा पाठवू का. मला राग आला, मग वाईट वाटलं, मग पुन्हा राग आला.

प्रसिद्धीवाली वाईट नव्हती हो. सकाळपासून स्कूटरवर पुस्तकांची खोकी बांधून ती शहरभर फिरे, दुकानदारांशी हुज्जत घाली, पुस्तक ‘छंद आणि हस्तकला’च्या फळीवरून उचलून दर्शनी टेबलावर आणून ठेवी. आपल्या आजोबांना जेवणाचा डबा पोचवावा तशी ती मला कार्यक्रमाला पोचवत असे. मी एकदा तिला विचारलं, तू वाचलंस का. ती म्हणाली, काका, वाचायला बसले तर विकणार कोण. मी त्र्याऐंशीव्या पानाबद्दल प्रकाशकांशीही बोललो. म्हटलं, लोकांना त्या गोष्टीबद्दल काही सांगू या. ते म्हणाले, “हल्ली पुस्तक खपत नाही हो. लेखक खपतो.” मी म्हटलं, मी खपलो की मग पुस्तकाचं तुम्हीच बघा. त्यांना विनोद आवडला. तोही त्यांनी कुठेतरी टाकला.

रेडिओवर नेलं तेव्हा मी ठरवून गेलो होतो. खोलीचं दार एवढं जाड की ते लागल्यावर माझा श्वास मलाच ऐकू यायला लागला. मुलाखत घेणारी बाई गोड होती. तिने विचारलं, अक्षर आल्यावर सगळ्यात आधी काय वाचलंत. तिला बायकोचं जुनं पत्र वगैरे हवं होतं. मी म्हटलं, विजेचं बिल. मग तिने काही विचारायच्या आत मी ‘अ’चं सांगायला घेतलं. खिळे, कोरा खिळा, काचेची खोली, प्रूफ, सगळं. पहिल्यांदा तोंडाने सांगत होतो, पण सांगितलं. तिचे डोळे खरोखर भरले. ती म्हणाली, किती सुंदर. सुंदर कशाला म्हणाली ते कळलं नाही. आठवड्याने मुलाखत लागली तेव्हा आम्ही तिघं मुलीच्या स्वयंपाकघरात बसून ऐकली. विजेचं बिल होतं, आरसा होता, कुत्र्याचं नाव होतं. ‘अ’ नव्हता. वेळेत बसत नसणार. छापखान्यातही तसंच, जागेत बसत नाही ते काढायचं, मी शेकडो वेळा जुळाऱ्यांना ओळ काढताना पाहिलंय. पण काढलेल्या ओळीचे खिळे तिथे परत आपापल्या खणात जात, फुकट जात नसत. मी रेडिओ बंद केला. जावई म्हणाले आवाज छान आलाय. मी चिडून बोललो, की गावभर दवंडी पिटून झाली आणि ज्याच्यासाठी पिटली त्याच्याच कानावर जात नाही. कोण तो, असं जावयांनी विचारलं. मुलगी पोळपाट पुसत होती. तिने पुस्तक छापायच्या आधीच वाचलं होतं, माझे ऱ्हस्व-दीर्घ तिनेच नीट केले होते. ती पाठ न वळवता म्हणाली, “बाबा, एका माणसाला सांगायचं होतं, तर बाराशे प्रती कशाला छापल्या? बस जाते की तिकडे.”

मी जेवलो नाही, तसाच घरी आलो. चालताना तिच्याशी मनात भांडत होतो. तुला काय कळतं, म्हणे बस जाते. दारात उभं राहून म्हणायचं काय, की तेव्हाचं सांगायला आलोय. त्यांच्या घरच्यांना काही माहीत असेल, नसेल. छापलेलं असलं की माणसाला बाजूला बसून वाचता येतं, समोर माझं तोंड नसतं, चिडायचं तर पुस्तक भिरकावता येतं. मी त्यांच्या सोयीचंच बघत होतो. बराच वेळ मी असं त्यांच्या सोयीचं बघत चालत होतो, आणि मग एका शिंप्याच्या दुकानाच्या काचेत मला माझा चेहरा दिसला आणि मी तिथून हललो. एक वाचनालयाचा कार्यक्रम आठवला. एक बाई पहिल्या दुकानात घेतलेली प्रत परत घेऊन आली होती, बहिणीचंही नाव उलटं लिहा म्हणून. मी पुस्तक हातात घेतलं आणि उघडताना ते कण्हलं. नवं पुस्तक पहिल्यांदा उघडताना कण्हतं, छापखान्यातल्या माणसाला ते बोटांना कळतं. तीन महिने तिच्या घरी होतं आणि पहिल्या पानापलीकडे कुणी गेलं नव्हतं. तेव्हा मला तिचा राग आला होता. आता वाटलं, मी तरी वेगळं काय केलं. त्या माणसाने माझ्यासाठी तोंड मिटलं, आणि मीही त्याला त्या दिवसापासून कधी उघडून बघितलं नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी एका दुकानात रांग होती. मध्यमवयीन एक बाई आली, खांद्याला कापडी पिशवी. म्हणाली, आमच्या सासऱ्यांसाठी हवंय. नाव काय लिहू, असं विचारून मी पेन टेकवलं. तिने नाव सांगितलं. माझा हात थांबला. ते एकच नाव शहरात शंभर जणांचं असेल. पण ती म्हणाली, “ते फोनवर तुमचं उलटं लिहिणं बघतात आणि हसतात. म्हणतात, ह्याला सांग माझ्यासाठी लिहायला, मला आरसा लागत नाही.” मी विचारलं, कसे आहेत. तिने सांगितलं, अंथरुणावरच असतात, छातीत पाणी होतं, पण डोळे शाबूत आहेत. पुस्तक वाचलं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, अहो हे आत्ता घेतेय. मग थोडं संकोचून म्हणाली, ते म्हणतात वाचायचं काय त्यात, तो छापखाना मला पाठ आहे. तिच्या मागे माणसं खोळंबली होती. प्रसिद्धीवाली फोन घेऊन जवळ सरकली. मी तिला म्हटलं, हे घेऊ नकोस. ती थांबली, मी असं कधी बोललो नव्हतो.

मी नाव लिहिलं नाही. मी वाक्य लिहिलं, उजवीकडून डावीकडे, आणि त्या वेळी हात एकदाही अडला नाही. ‘तो अ मी चुकीच्या ओळीत बसवला. मला वाचता येत नव्हतं म्हणून नाही, विचारायची लाज वाटली म्हणून. चुक माझी.’ खाली माझं नाव. ती उभ्या उभ्या बघत होती, तिला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं. एवढं मोठं काय लिहिलंत, असं तिने विचारलं. मी म्हटलं, त्यांना लागेल. इतके महिने जो खेळ मी रांगेतल्या लोकांना दाखवत होतो तो शहरात एकाच माणसासाठी खेळ नव्हता, साधा कागद होता. तिने पुस्तक पिशवीत टाकलं. मुलीचा नंबर मी तिला एका चिठ्ठीवर लिहून दिला, तो मात्र सुलट.

दहा दिवसांनी, सोमवारी, मुलगी ऑफिसातून थेट माझ्याकडे आली. तिच्या फोनवर त्या सुनेने फोटो पाठवला होता. मी लिहिलेलं पान होतं. ‘चुक’मधल्या ‘चु’खाली लाल पेन्सिलीची रेघ होती, आणि समासात दीर्घ उकाराची खूण, तीही उलटी काढलेली, फर्म्यावर असावी तशी. मी ‘चुकीच्या’ लिहिताना ऱ्हस्व लिहिला तो बरोबर, पण सुट्या ‘चूक’ला दीर्घ लागतो, हे मुलीने मला दहा वेळा सांगितलंय आणि दहाही वेळा मी विसरलोय. पानाच्या तळाशी जुळाऱ्यांचा हात कापत कापत गेला होता. प्रूफ तपासून झाल्यावर खाली जो शेरा ते शेकडो वेळा लिहीत, आणि मी शेकडो वेळा नुसता बघत असे, तो मी आयुष्यात पहिल्यांदा वाचला. ‘दुरुस्ती करून छापावे.’ खाली त्यांच्या नावाची दोन अक्षरं आणि तारीख. सुनेने कळवलं होतं की पहिल्या दिवशी ते पान बराच वेळ उघडं ठेवून पडले होते. मग त्यांनी तिला आतलं पुस्तक वाचून दाखवायला सांगितलं, अगदी पहिल्यापासून. रोज थोडं थोडं वाचतात. कालपर्यंत पन्नास पानं झाली होती.

मी मुलीला विचारलं, म्हणजे काय समजायचं. ती म्हणाली, समजायचं काय, जाऊन विचारा. मी म्हटलं, शनिवारी जातो, तोवर त्यांचं त्र्याऐंशीवं पानही होईल. ते पान वाचून झाल्यावर गेलेलं बरं, असा हिशोब मी त्याही वेळी केला. मग प्रसिद्धीवालीचा फोन आला, की शनिवारी पुस्तकप्रदर्शनात मोठा कार्यक्रम ठरलाय, तीनशे खुर्च्या, रद्द करता येणार नाही. मी म्हटलं, मला एका ठिकाणी जायचंय. ती म्हणाली, काका, यासाठी मी तीन आठवडे खपलेय. मी रविवारी जायचं ठरवलं. मुलगी पर्स उचलून निघाली. तिच्या निघण्याचाही मला राग आला.

शनिवारी दुपारी तीन वाजता तीनशे खुर्च्या खरोखर भरल्या होत्या. मंचावर मोठा फळा आणि जाड पेन ठेवलं होतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, आज उलटं लिहिणार नाही. प्रसिद्धीवालीचा चेहरा उतरला, पण तिने मला अडवलं नाही. मी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या, एकीत ‘पात्र’ आणि एकीत ‘अपात्र’, आणि सगळं सांगितलं. कोरा खिळा कशासाठी घालत ते सांगितलं, दहा पावलं सांगितली, खिशातला प्रूफाचा कोपरा सांगितला. जुळाऱ्यांचं पूर्ण नाव घेतलं. शेवटी फळ्यावर ‘चूक’ लिहिलं, दीर्घ. खूप टाळ्या झाल्या. छातीवरचा दगड खाली उतरल्यासारखं वाटलं, आणि मनात आलं, उद्या त्यांना सांगेन की तीनशे माणसांसमोर सांगितलं. मग प्रश्न विचारायला लोकांना माइक दिला. पहिल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली, फार अदबीने म्हणाली की तुमच्या प्रामाणिकपणाने आम्ही भारावून गेलो. आणि मग तिने विचारलं, आता माझं नाव उलटं लिहाल का. सगळे हसले. माझ्या हातात पेन होतं. मी तिचं नाव विचारलं आणि लिहिलं. मग दुसऱ्याचं लिहिलं. साडेपाचपर्यंत मी लिहीत होतो.

रविवारी सकाळी, सुनेने मुलीला कळवलेल्या पत्त्यावर, मी बसने गेलो. घर सापडायला वेळ लागला नाही, दारावर त्यांच्या नावाची पाटी होती आणि ती मी वाचली. दाराबाहेर चपलांची गर्दी होती. सून बाहेर आली. तिने मला ओळखलं आणि आत बोलावलं. म्हणाली, कळवायला नंबर शोधत होते, चिठ्ठी सापडली नाही. फोनमध्ये असेल हे गडबडीत सुचलंच नाही. पुस्तक कुठवर आलं होतं हे मला विचारायचं होतं, पण अशा घरात ते कसं विचारायचं. तिनेच सांगितलं. शुक्रवारी एकोणऐंशी पानं झाली होती. शनिवारी सकाळी त्यांना धाप लागली म्हणून वाचलं नाही.

जुळारी शनिवारी दुपारी पावणेचार वाजता त्यांच्या राहत्या घरी वारले. ते ब्याऐंशी वर्षांचे होते.